गोवा ते लिस्बन : अंतर तेच, वाट निराळी

गोव्याहून लिस्बनचं सरळ हवाई अंतर साधारण ८,३०० किलोमीटर. ताशी ८५०-९०० किलोमीटरच्या वेगाने हा दहा तासांच्या आतबाहेरचा पल्ला. पण थेट नियमित विमान नाही. आखातात किंवा युरोपात कुठेतरी उतरून पुढचं विमान पकडायचं, तिथे ताटकळायचं, म्हणजे प्रवास सहज पंधरा तासांच्या वर जातो.

वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला, तो मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोचला. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि आफ्रिकेचा वळसा वाचला. दोन्ही वेळा अडचण भूगोलाची होती. विमानाच्या काळात ती राजकारणाची झाली.

दाबोळीचा विमानतळ मुळात उभा राहिला तो कोंडीमुळेच. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याशी रेल्वे आणि व्यापार तोडला. गोव्यासारखेच पोर्तुगीजांच्या ताब्यातले दमण-दीव तर गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर आणि मध्ये सगळा भारत. म्हणून पोर्तुगीज सरकारने दाबोळीची धावपट्टी बांधली आणि 'ताइप' ही विमान कंपनी काढली. तिची विमानं भारतीय हद्द टाळून समुद्रावरून दमण, दीव आणि कराचीला जात. पुढे कराचीमार्गे, थांबे घेत, लिस्बनपर्यंतही सेवा गेली.

१८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून आलेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी ही धावपट्टी फोडली. दोन नागरी विमानं तिथेच अडकली. रात्री खड्डे कसेबसे बुजवले आणि अंधारात, उरलेल्या पट्टीवरून, पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन ती विमानं कराचीला निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि लिस्बनची हवाई वाट बंद झाली. दाबोळी नौदलाकडे गेलं. आजही नागरी विमानं तिथे नौदलाच्या सोयीने उतरतात, आणि उत्तर गोव्यात पेडण्याला मोपाचा नवा विमानतळ उभारण्यामागे हेही एक कारण होतं. मोपाहून उड्डाणं जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. पेडणे-सावंतवाडीकडच्यांची सोय झाली, मडगावकरांना मात्र मोपा लांब पडतं.

थेट विमान उद्या सुरू झालं तरी ते पट्टी लावल्यासारखं सरळ जाईल असं नाही. सर्वांत जवळची रेषा ओमानचं आखात, इराक, सीरिया, भूमध्य समुद्र अशी जाते. यातलं एखादं आकाश बंद झालं की वळसा आलाच.

तिकिटावरच्या वेळांनीही फसू नये. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. लिस्बन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. त्यामुळे जाताना प्रवास कागदावर आखूड दिसतो, येताना लांबलचक. प्रत्यक्षात, थांबा सारखाच असेल, तर उलट घडतं: उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने परतीचं उड्डाणच बहुधा लवकर आटोपतं.