प्रभूमधील आनंद

ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूलभूत संकल्पना. अन्नधान्य, पैसा, प्रकृती, घरसंसार यांतून मिळणाऱ्या सुखावर मन न टेकवता देवाच्या सहवासातच समाधान मानणे, असा तिचा अर्थ. मराठी ख्रिस्ती मंडळींत ‘प्रभूमध्ये आनंद करा’ हे शब्द उपासनेत, साक्ष (आपला श्रद्धेचा अनुभव) देताना, दुःखाच्या घरी भेटीला गेल्यावर सहज कानी पडतात. इतके सहज, की ते कुठून आले याचा विसर पडतो. ते तुरुंगातून आले आहेत.

ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने फिलिप्पै नगरातील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र लिहिले तेव्हा तो बेड्यांत होता आणि आपण जगू की मरू हे त्याला ठाऊक नव्हते. पत्र अवघे 4 अध्यायांचे, पण ‘आनंद’ हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतो. वाचणाऱ्यांना त्याचा तुरुंग नवा नव्हता. त्यांच्याच नगरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले होते, आणि मध्यरात्री ते दोघे देवाची स्तोत्रे गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते. पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे, दोन्ही तो शिकला आहे. ‘शिकलो’ हे क्रियापद महत्त्वाचे. हा आनंद त्याच्या स्वभावात नव्हता, तो अंगवळणी पडला होता. आनंदासाठीचा ग्रीक शब्द ‘खारा’ आणि कृपेसाठीचा ‘खारिस’ यांचे मूळ एकच आहे.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, ही कल्पना याहून जुनी आणि शेतीच्या मातीत रुतलेली आहे. चौथ्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की धान्य आणि द्राक्षारस यांची रेलचेल झाल्यावर लोकांना होतो त्याहून मोठा आनंद देवाने त्याच्या हृदयात घातला आहे. तुलना सुगीशी आहे. शेतकऱ्याला सुगीहून मोठे सुख कोणते? संदेष्टा यिर्मया हीच गोष्ट पाण्याच्या भाषेत सांगतो. लोकांनी जिवंत झरा सोडला आणि स्वतःसाठी हौद खणले, तेही तडकलेले, पाणी न धरणारे. यहूदाच्या कोरड्या डोंगराळ मुलखात खडकात हौद खोदून, आतून चुन्याचा गिलावा देऊन पावसाचे पाणी साठवत. गिलाव्याला तडा गेला की उन्हाळ्यात तळाशी चिखल तेवढा उरे. संदेष्ट्याने निवडलेले चित्र वैभवाचे नाही, कष्टाचे आहे: माणसे घाम गाळून खणतात आणि तहानलेलीच राहतात.

या विषयावरचे सर्वांत धीट वचन मात्र संदेष्टा हबक्कूक याचे (3:17-18). खास्द्यांचे (बाबेलच्या लोकांचे) सैन्य येऊ घातले आहे आणि संदेष्टा पंचनामा करावा तशी नोंद करतो: अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरे नाहीत. गारपिटीत द्राक्षबाग आडवी झालेली ज्याने पाहिली आहे त्याला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. चैनीच्या वस्तूंपासून सुरू होऊन ती पोटाच्या भाकरीपर्यंत आणि मग दावणीपर्यंत येते. ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन’ हे त्यानंतरचे वाक्य. पुढे अंजिराला बहर आला, असे त्या पुस्तकात कुठेही नाही. आणि कर्ता ‘मी’ आहे. दुसऱ्याच्या बुडालेल्या शेताच्या बांधावर उभा राहून हबक्कूक हे बोलत नाही.

पुढील काळात या विचाराला आकार दिला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने. तरुणपणी तो मिलानमध्ये वक्तृत्व शिकवत होता. सम्राटाच्या स्तुतीचे, बहुतांशी खोटे, भाषण देण्याच्या विवंचनेत असताना रस्त्यात त्याला दारू पिऊन हसणारा एक भिकारी दिसला. आपण एवढी यातायात करून जे गाठू पाहतो ते याला चार नाण्यांत मिळाले, हे त्याला टोचले. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हताच, पण आपण ज्याच्या मागे लागलो आहोत तो त्याहूनही खोटा, असे त्याने पुढे लिहिले. त्याने केलेला भेद मराठीत अगदी नेमका उतरतो: जगातील वस्तूंचा उपयोग करावा, उपभोग मात्र देवाचा घ्यावा. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने माणसाच्या मनाचे एक निरीक्षण त्याला जोडले. आनंदावाचून कोणीच फार काळ राहू शकत नाही, म्हणून ज्याला आत्मिक आनंद मिळत नाही तो देहसुखाकडे वळतो. नुसत्या मनाईने काही साधत नाही, हे यात ओघाने आलेच. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीचे (1647) पहिलेच उत्तर असे: देवाचा गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणे, हे माणसाचे मुख्य प्रयोजन. 1829 मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांच्यासारखे स्कॉटिश मिशनरी ही प्रश्नोत्तरी मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेतले.

या संकल्पनेला वैराग्य समजणे ही नेहमीची चूक. नहेम्याच्या पुस्तकात नियमशास्त्राचे वाचन ऐकून लोक रडू लागतात तेव्हा त्यांना सांगितले जाते की गोडधोड खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटा पाठवा. परमेश्वराचा आनंद हेच तुमचे बळ आहे. पान वाढलेले आहे, आणि शेजाऱ्याचेही त्यात आहे. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात, गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त असते. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केल्या जातात. लोंबी हातात असतानाच ती देणाऱ्याकडे पाहायचे, एवढाच तो विधी. कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळाच्या, तिसऱ्या रविवारी प्रायश्चित्ताचा जांभळा रंग बाजूला ठेवून धर्मगुरू गुलाबी वस्त्रे घालू शकतात. त्या रविवारचे लॅटिन नाव ‘गौदेते’, म्हणजे ‘आनंद करा’, हा पौलाच्या त्याच पत्रातला शब्द.

मराठीत या आनंदाला भाषा तयारच मिळाली. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायापाशी आलो असे ते म्हणत, आणि त्यांनी उपासनेत अभंग-ओवी आणली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांच्या निरिच्छपणाची झळ घरात पत्नी लक्ष्मीबाईंना बसली आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ती झाकली नाही. या नोंदीत ती बाजू यायलाच हवी: एकाने सोडलेल्या सुखाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच्या चुलीने मोजलेली असते.

पंडिता रमाबाईंनी तर दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली होती. तरुणपणीच वैधव्य आले. पुढे 1896-97 च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणले. तिथे 1905 मध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले त्यात आधी पापांची कबुली आणि हुंदके होते. गाणे, हसणे नंतर आले. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्याचे काम रमाबाईंनी 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालूच ठेवले.

श्रद्धेच्या बदल्यात पैसा आणि आरोग्य यांची हमी देणारी अलीकडची शिकवण हबक्कूकच्या यादीपुढे टिकत नाही. उलट टोकाची चूकही तितकीच जाचक आहे: खचलेल्याला, उपाशी माणसाला ‘प्रभूमध्ये आनंद करा’ म्हणून गप्प बसवणे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत, आणि 88 वे तर अंधारातच संपते. तेही उपासनेचेच गीत आहे. पौलाचे पत्रही ‘मला काही नको’ म्हणून संपत नाही. एपफ्रदीत हा त्या मंडळीचा माणूस फिलिप्पैहून मदत घेऊन आला होता, आजारी पडून मरणाच्या दारात गेला होता. समाधानी राहायला शिकलो असे लिहिल्यावर लगेच पौल त्या मंडळीला कळवतो: तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात, हे फार बरे केलेत.