पवनचक्क्यांखालचे सरडे

साताऱ्याहून ठोसेघरच्या धबधब्यापुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. उन्हाळ्यात तिथे नजरेत भरतात त्या पवनचक्क्या. बाकी जांभ्याचा कातळ, वाळलेलं गवत आणि विखुरलेले दगड. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंद व्हावी, अशीच ही जमीन. याच पठारावरून दोन सरपटणाऱ्या प्राण्यांची विज्ञानाला पहिल्यांदा ओळख झाली. २००८ साली हेमिडॅक्टिलस सताराएन्सिस ही दगडांच्या आडोशाने राहणारी छोटी पाल आणि २०१६ साली सरडा सुपर्बा.

हा दुसरा प्राणी पावसाळ्याच्या आधी, विणीच्या दिवसांत पाहावा. नर उंचशा दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी फुलवतो. निळा, काळा, नारिंगी असे रंग क्षणभर झळकतात आणि मिटतात. मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला दम भरणं, दोन्ही कामं हा पंखाच करतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग इथे शेजारीशेजारी तपासला. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पात्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. साहजिकच सरड्यांची संख्या तिथे जास्त भरली. वरवर पाहिलं तर सरड्यांची चैनच म्हणायची! रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी होतं, आणि माणूस अगदी जवळ गेल्याखेरीज ते पळत नव्हते. पण अंगाने ते खंगलेले होते, नरांचे रंगही फिके. गर्दी वाढली की किड्यांवरून चुरस वाढते, आणि पोट भरलं नाही तर पंखा कशाच्या जोरावर रंगणार? नुसती डोकी मोजणाऱ्याने ‘सरडे वाढले’ असा अहवाल लिहून दप्तर मिटलं असतं.

पवनचक्क्या नकोत, असा याचा अर्थ मी काढत नाही. कोळशापेक्षा वारा बरा. मात्र पात्याने पक्षी मरतात, एवढ्यावरच आपली चर्चा थांबते. पक्षी नुसता ती जागा टाळू लागला, तरी खालचं सगळं गणित फिरतं, हे चाळकेवाडीने दाखवलं.

आता दगड. वैशाखात उघडा कातळ तव्यासारखा तापतो, दगडाखालची बोटभर जागा मात्र गार राहते. पावसाळ्यात तिथेच ओल टिकते. पाल, फुरसं, विंचू, गोम, सगळ्यांचं बिऱ्हाड अशा आडोशाला. कोयनेच्या बाजूला हुंबरळीच्या परिसरातून १९६३ साली कोयना भेकाची आणि २००४ साली एका देवगांडुळाची नोंद झाली. देवगांडूळ म्हणजे बिनपायांचा, पण पाठीला कणा असलेला उभयचर. मातीतली ओल गेली की त्याची कातडी सुकते आणि कातडीवाटे चालणारा श्वासही अडतो. रस्त्याच्या भरावासाठी, शेताच्या ताली रचण्यासाठी किंवा पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या पायासाठी सड्यावरचे, म्हणजे अशा कातळी पठारावरचे, दगड उचलले, की ही बिऱ्हाडं उठतात. तोडलेलं झाड दिसतं, म्हणून निदान ओरड तरी होते. उचललेल्या दगडाची दाद कोण मागणार?

हौशी फोटोवाल्यांनाही एक सांगणं: दगड उलटलाच, तर होता तसाच, त्याच खाचेत परत बसवा. आणि शाळा-मंडळांनी सड्यावर खड्डे खणून वृक्षारोपण करणं थांबवावं. मोकळ्या उन्हात वाढणाऱ्या जिवांना सावली म्हणजे उपकार नव्हे. रोपं गावठाणात, ओढ्याकाठी लावावीत, तिथे जागाही आहे आणि मातीही.

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेत पवन ऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही. त्यामुळे मनोरा उभारण्याआधी सड्यावर काय राहतं हे पाहण्याची सक्तीही नाही. किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहणी करावी, शिकारी पक्ष्यांच्या घिरट्यांच्या जागा आणि दगडांचे पट्टे नकाशावर मांडावेत, मग मनोऱ्यांची आणि रस्त्यांची आखणी करावी. एवढ्याने प्रकल्प अडत नाही. फार तर रस्ता थोडा वळसा घेतो.