बाहेरून बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा वीजपुरवठा

मूळ सेन्सरखेरीज वाहनाच्या बेंड पाईपमध्ये (इंजिनाचा धूर नेणाऱ्या नळीत) स्वतंत्र कंट्रोलरवर चालणारा वाइडबँड, म्हणजे कमी इंधनाच्या विरळ मिश्रणापासून जास्त इंधनाच्या जाड मिश्रणापर्यंत मोजणारा, ऑक्सिजन सेन्सर बसवतात, तेव्हा त्याच्या हीटरला आणि कंट्रोलरला वीज देण्यासाठी करावी लागणारी जोडणी. इंधन व हवेचे मिश्रण मोजून ट्यूनिंग करणे हा त्याचा हेतू. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली परिसरातील गॅरेजांत अशी कामे होतात. सेन्सरसाठी लागणारा एम१८ × १.५ आट्यांचा नट तिथल्या लेथवर करून घेता येतो. नट वेल्ड करताना सेन्सर काढलेला आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवलेली असावी. जागा अशी निवडतात की सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला राहील, म्हणजे पाईपमधले पाणी त्याच्यात साचत नाही.

झिरकोनिया या सिरॅमिकच्या पेशीवर चालणारा वाहनाचा पहिला सेन्सर बॉश कंपनीने १९७६ मध्ये व्होल्व्होच्या मोटारींसाठी उत्पादनात आणला. त्याला हीटर नव्हता. तो धुराच्या उष्णतेवर तापे आणि स्वतःच एक व्होल्टच्या आतला दाब निर्माण करी. पॉवर देण्याचा प्रश्नच नव्हता. हीटर असलेले सेन्सर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस आले. वाइडबँडच्या उगमाविषयी मात्र एकवाक्यता नाही. १९८४ च्या सुमारास टोयोटाने विरळ मिश्रण मोजणारा सेन्सर वापरला, त्यालाच काही जण पहिला वाइडबँड मानतात. त्यात प्राणवायूचा मर्यादित प्रवाह मोजला जाई आणि मापन विरळ बाजूपुरते होते. दुसरा पक्ष १९९२ च्या होंडा सिव्हिकच्या एका प्रकारातील एनटीके कंपनीच्या पाच वायरींच्या सेन्सरला हा मान देतो. बॉशचा एलएसयू हा वाइडबँड सेन्सर साधारण १९९४ चा. मोजणारी पेशी आणि प्राणवायू ओढणारी पंप-पेशी अशी जोडरचना हा निकष धरला, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वायरिंगच्या दृष्टीने या वादाला एक व्यावहारिक बाजू आहे: जोडरचनेचा सेन्सर ठरलेल्या तापमानाखेरीज काहीच मोजू शकत नाही. बॉशच्या एलएसयूच्या ४.२ या आवृत्तीला सुमारे ७५० अंश सेल्सिअस लागते, ४.९ ला ७८०. त्यामुळे हीटरचा पुरवठा हाच मापनाचा पाया ठरतो.

हीटर सरासरी ७ ते ८ वॅटचा असतो, आणि हा आकडा पाहूनच अनेक जण फसतात. एलएसयू ४.९ च्या हीटरचा रोध थंड असताना सुमारे ३.२ ओहम भरतो. कंट्रोलर त्याला सलग १२ व्होल्ट न देता तुकड्या-तुकड्यांनी देतो, पण प्रत्येक तुकड्यात वाहणारी वीज पूर्ण असते: १२ भागिले ३.२, म्हणजे जवळजवळ पावणेचार अँपिअर. सरासरी एक अँपिअर दाखवणाऱ्या वायरीतून असे झटके सतत जातात. म्हणून स्टिरिओच्या किंवा सिगारेट लायटरच्या वायरीवर टॅप मारून भागवू नये.

रूढ पद्धत चार पिनांच्या रिलेची (लहान करंटने मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची). बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर, तिथून १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या ३० क्रमांकाला, ८७ मधून कंट्रोलरच्या पॉझिटिव्हला, ८५ अर्थला (निगेटिव्ह बाजूला) आणि ८६ ला चावीनंतरचा करंट. फ्यूज कंट्रोलरच्या पत्रकाप्रमाणे घ्यावा. बहुतेकांना ५ अँपिअर पुरतो, काही पत्रके १० सांगतात. ५ चा फ्यूज वारंवार उडतो म्हणून १५ चा घालणे धोक्याचे, कारण उडण्याचे कारण बहुधा बेंड पाईपला टेकून वितळलेली वायर असते. रिलेत डायोड असेल तर ८५ आणि ८६ उलटे जोडून चालत नाहीत.

८६ ला कोणता करंट द्यावा, यावर सेन्सरचे आयुष्य ठरते. ॲक्सेसरी लाईन नको: स्टार्टर फिरताना ती तुटते, कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तापवण्याचा क्रम पहिल्यापासून चालू होतो. इग्निशन लाईन टिकते. पण इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली, तर थंड पाईपमध्ये सेन्सर तापत बसतो. मग इंजिन सुरू होताच पाईपमधल्या पाण्याचा थेंब लाल झालेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकते. पावसाळ्यात गगनबावडा किंवा आंबा घाटाच्या वाटेवर थांबत-थांबत जाणाऱ्या गाड्यांना हा धोका जास्त. फ्यूल पंपाच्या रिलेवरून ८६ घेतल्यास हीटर इंजिन फिरत असतानाच चालतो. चावी लावताच पंप दोनेक सेकंद चालून थांबतो, तेवढ्याने बिघडत नाही. हाच मार्ग आम्हांला श्रेयस्कर वाटतो, दोन अपवाद सोडून. पंपाला स्वतःचे वेग-नियंत्रण असेल, तर पंपाच्या वायरीवर तुटक करंट येतो आणि रिले फडफडतो. सीएनजी किट बसवलेल्या काही गाड्यांत गॅसवर जाताच पेट्रोलचा पंप बंद होतो. अशा वेळी इंजिन चालू, धूर चालू आणि सेन्सर थंड, अशी अवस्था येते. बिनतापलेला सेन्सर धुरात ठेवला की काजळी धरून निकामी होतो. अशा गाडीत इग्निशन लाईनच घ्यावी आणि इंजिन सुरू न करता चावी चालू ठेवण्याची सवय सोडावी.

अर्थ कुठे घ्यावा, हा या विषयातला सर्वाधिक चर्चेचा मुद्दा. एक मत बॅटरीच्या निगेटिव्हचे, दुसरे इंजिन ब्लॉकचे, तिसरे ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) अर्थ-बिंदूचे. कंट्रोलरचा डिस्प्लेच पाहायचा असेल, तर तिन्ही चालतात. कंट्रोलरचा ० ते ५ व्होल्टचा सिग्नल ईसीयूला किंवा डेटा लॉगरला द्यायचा असेल, तेव्हा फरक दिसतो. समजा ०.५ चौरस मिलिमीटरची एक मीटर वायर बॉडीला अर्थ केली आहे. तिचा रोध सुमारे ०.०३६ ओहम. तीन अँपिअरच्या झटक्यात तिच्यावर ०.११ व्होल्ट पडतो, म्हणजे कंट्रोलरचा अर्थ तेवढा वर उचलला जातो. ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० हवा-इंधन गुणोत्तर अशी मापनी असेल, तर ०.११ व्होल्ट म्हणजे ०.२ गुणोत्तर, तेही विरळ बाजूला. ट्यूनर त्यावर विसंबून इंधन वाढवतो आणि गाडी नाहक जाड मिश्रणावर धावते. गंजलेला बोल्ट किंवा रंगावर कसलेला लग (वायरीच्या टोकाची कडी) असेल, तर चूक याहून कितीतरी मोठी होते. ज्या कंट्रोलरला हीटरचा अर्थ आणि सिग्नलचा अर्थ वेगळा दिलेला असतो, त्यात हीटरचा अर्थ जाड वायरीने ब्लॉकला आणि सिग्नलचा अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थला नेणे हेच योग्य. दोन्ही वायरी एकत्र पिळून एकाच लगमध्ये घालू नयेत, वेगळेपणाचा सारा उपयोग तिथेच संपतो. अर्थ एकच असेल, तर तो ईसीयू जिथे अर्थ होतो त्याच बोल्टला द्यावा. कंट्रोलर कॅनवरून (वाहनातल्या डिजिटल जोडणीवरून) आकडे पाठवत असेल, तर हा प्रश्न फारसा उरत नाही.

मूळ सेन्सरच्या हीटरची वायर हाताशी असते म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो. चार वायरींच्या बॉशच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची. पांढऱ्यांपैकी एकीला मेन रिलेचा करंट असतो आणि दुसरी ईसीयू स्वतः अर्थ करतो, तीही तुटकपणे. ती अर्थ म्हणून वापरली, तर कंट्रोलर सतत चालू-बंद होतो. मूळ सेन्सर काढून टाकला, तर पी०१३५ हा सेन्सरच्या हीटरच्या बिघाडाचा कोड येऊन चेक लाईट लागते. म्हणून मूळ सेन्सर जागीच ठेवून दुसरा नट घालतात.

एलएसयू ४.९ च्या कनेक्टरकडे करडी वायर हीटरचा पॉझिटिव्ह, पांढरी हीटरचा निगेटिव्ह, लाल पंपाचा प्रवाह, पिवळी सामाईक आणि काळी मोजणाऱ्या पेशीची. सेन्सरकडून पाचच वायरी येतात, कनेक्टरला मात्र सहा पिना असतात. त्यात त्या-त्या सेन्सरचा कॅलिब्रेशन रोध बसवलेला असतो. लांबी वाढवायची म्हणून कनेक्टर कापला, तर कॅलिब्रेशन जाते. लांबी कंट्रोलरच्या बाजूने वाढवावी. ४.२ जातीला संदर्भाची हवा वायरीच्या तारांमधून मिळते, म्हणून तिच्यावर सोल्डर, ग्रीस वा सिलिकॉन चालत नाही, ४.९ संदर्भ स्वतः तयार करतो, तरी तिथेही क्रिम्पच (दाबून केलेला जोड) बरा. कनेक्टर पाईपपासून दूर, उंचावर आणि तोंड खाली करून बांधावा.

तपासणी मल्टिमीटरने होते. थंड सेन्सरच्या करड्या-पांढऱ्या पिनांत तीनेक ओहम आले पाहिजेत. अनंत आले, तर हीटर तुटलेला. स्टार्टर फिरताना कंट्रोलरच्या पॉझिटिव्हवरचा दाब त्याच्या पत्रकातल्या किमान मर्यादेखाली जाऊ नये. हीटर चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह आणि कंट्रोलरचा अर्थ यांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अर्थ पुन्हा करावा. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. झटके पाहायचे, तर ऑसिलोस्कोप लागतो.

इथेनॉलमिश्रित इंधनासाठी डिस्प्ले लॅम्डावर (मोजलेले गुणोत्तर भागिले त्या इंधनाचे आदर्श गुणोत्तर) ठेवणे सोयीचे, कारण शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे आदर्श गुणोत्तर ई२० ला सुमारे १३.५ पर्यंत उतरते. उसाच्या या जिल्ह्यात तयार होणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्येच असते.

दुचाकींत एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ मानकामुळे मूळ सेन्सर सर्रास आले; अनेकांचा नट एम१२ चा असतो, त्यात वाइडबँड बसत नाही. लहान बॅटरीवर आयडलिंगला हीटरचा भार जाणवतो, म्हणून सेन्सर ट्यूनिंगपुरता लावून नंतर नट प्लगने बंद करतात. रस्त्यावर कायम फिरणाऱ्या वाहनात असा बदल करताना मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ लागू होऊ शकते.