एसटीतला डबा आणि फिरतं नेटवर्क

लातूरला क्लास करणाऱ्या पोराचा डबा गावाकडून एसटीनं येतो. आई सकाळच्या गाडीत ठेवते, पोरगा स्टँडवर जाऊन उतरवून घेतो. हा डबा लक्षात ठेवा, तो शेवटी लागणार आहे.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत झाला तसा भूकंप झाला आणि टॉवर आडवे पडले, तर फोन काय कामाचे? यावरचा एक उपाय म्हणजे मोबाईल ॲड-हॉक नेटवर्क. त्यात टॉवर नसतोच. प्रत्येक यंत्र, म्हणजे नोड, स्वतःचं बोलतो आणि दुसऱ्याचा निरोपही पुढच्याच्या हाती देतो. अडचण एवढीच, की हे निरोपे एका जागी थांबत नाहीत.

समजा, रेडिओचा पल्ला २५० मीटर आहे आणि दोन मोटारसायकली समोरासमोरून ताशी ६० किलोमीटरनं येताहेत. त्या एकमेकींच्या पल्ल्यात राहतात जेमतेम १५ सेकंद. निरोपाची वाट ठरवणाऱ्या एओडीव्ही या पद्धतीत शेजारी साधारण दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देतो. दोनेक हाका चुकल्या, की वाट तुटली असं धरतात. तोवर पाठवलेला माल वाया. मग नवी वाट शोधायला गावभर दवंडी. नोड जितके पळतील तितक्या दवंड्या जास्त, आणि खऱ्या निरोपाला हवेत जागाच उरत नाही.

१९९८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर ५० नोड सेकंदाला २० मीटरपर्यंतच्या वेगानं पळवून पाहिले. सगळ्या वाटांचा तक्ता कायम तयार ठेवणारी डीएसडीव्ही पद्धत सततच्या हालचालीत सुमारे ७० टक्के निरोपच पोचवू शकली. गरज पडेल तेव्हाच वाट शोधणारी डीएसआर पद्धत मात्र ९५ टक्क्यांच्या वर टिकली.

त्या चाचणीतले नोड कुठलाही एक बिंदू निवडून तिकडे जात, थांबत, पुन्हा दुसरीकडे निघत. असं आपल्याकडे फक्त मोकाट जनावर फिरतं, तेही सावली बघून! पैठणहून निघालेली नाथांची पालखी बघा. दिंडी दिवसभर चालते, पण वीणेकरी आणि टाळकरी यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. त्यांची जोडणी दिवसभर टिकेल. रस्त्याकडेला उभा असलेला माणूस जागचा हलत नाही, तरी दिंडीशी त्याची जोडणी थोड्या वेळात तुटेल. म्हणजे वेग किती, यापेक्षा एकमेकांच्या मानानं किती, हे महत्त्वाचं.

आता डबा. स्थिर नेटवर्कमध्ये नोड वाढले, की प्रत्येकाच्या वाट्याची निरोप पाठवायची क्षमता घटत जाते. गुप्ता आणि कुमार या संशोधकांनी २००० साली हे गणितानं दाखवलं. पुढे ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी उलटाच मुद्दा काढला: निरोप जवळून जाणाऱ्या नोडकडे ठेवून द्या, तो फिरत फिरत मुक्कामाजवळ पोचला की देईल. मधे हात एकच, आणि नोड वाढले तरी प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता घटत नाही. हालचाल इथं स्वतःच वाहन होते, आपल्या एसटीसारखी.

बदल्यात उशीर सोसावा लागतो. फोनवर बोलताना ही युक्ती कुचकामी. शेतातल्या ओलाव्याची रोजची नोंद मात्र संध्याकाळच्या गाडीनं आली तरी काही बिघडत नाही.