मुंबईत हौशी ऑटोक्रॉस भरवायचाय? आधी नकाशा काढा, मग अर्ज लिहा

आमच्या पहिल्या अर्जाच्या ‘विषय’ या ओळीत आम्ही मोठ्या हौसेने ‘कार रेस आयोजित करणेबाबत’ असं लिहिलं होतं. टेबलामागच्या साहेबांनी तेवढीच ओळ वाचली आणि कागद परत सरकवला. “शर्यत? मुंबईत? चला, पुढचा कोण?” आठवड्याने पुन्हा गेलो. कार्यक्रम तोच, मैदान तेच, गाड्याही त्याच. फक्त अर्जाला एक मोठा कागद टाचला होता: मैदानाची मापं, कोन (रस्त्यावर ठेवतात ते नारिंगी शंकू) कुठे, गाडी कुठून सुटते, कुठे थांबते, माणसं कुठे उभी राहतात. साहेबांनी तो उलगडला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, “म्हणजे एका वेळी एकच गाडी?” बोलणं तिथून सुरू झालं.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलाय. आधी नकाशा पक्का करायचा, बाकीचे कागद त्याला जोडायचे. पोलीस, अग्निशमन, विमा कंपनी, जागामालक, सगळे फिरून फिरून त्या नकाशातलीच माहिती विचारतात.

मागताय काय, ते आधी नीट सांगा

आमचा ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या फरसबंद मैदानावर कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची, एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. सगळ्यात कमी वेळ लावणारा जिंकला. कोन पाडला की दोन सेकंद वाढतात, दोन कोनांमधला दरवाजा चुकला की ती फेरी बाद. आपल्याकडे बरेचसे ऑटोक्रॉस मातीच्या ट्रॅकवर होतात, त्यामुळे नाव ऐकलं की लोकांना धुरळा दिसतो. कोनांच्या या प्रकाराला ‘ऑटो स्लॅलम’ हेही नाव आहे. अर्जात दोन्ही नावं लिहा आणि खाली दोन ओळींत खेळ समजावून सांगा.

पण नाव बदललं म्हणून कायदा चुकत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९: सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत किंवा वेगाची कुठल्याही प्रकारची चाचणी हा गुन्हा आहे. भाग घेणारा जितका अडकतो तितकाच ती होऊ देणाराही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि या कायद्यात ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे फक्त रस्ता नव्हे. जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ती कुठलीही जागा त्यात येते. रविवारी पहाटे रिकामा दिसणारा सर्व्हिस रोड त्यात आला. म्हणून कुंपणाची, फाटकाची, एका मालकाची जागा शोधा: बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, भिवंडीकडचं गोदामांचं अंगण, एखाद्या प्रदर्शन केंद्राचा पार्किंगचा तळ. बीकेसीतली एमएमआरडीएची मैदानं कार्यक्रमांना भाड्याने मिळतात, पण भाडं बघून हौशी मंडळी सहसा माघारी फिरतात.

अर्ज कोण करू शकतो

देशात मोटर स्पोर्टची शिखर संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, सगळे ‘एफएमएससीआय’ म्हणतात. मोटर स्पोर्टची आंतरराष्ट्रीय संस्था एफआयए, तिची मान्यता एफएमएससीआयला आहे. एफएमएससीआयच्या परमिटशिवाय होणाऱ्या स्पर्धेकडे विमा कंपनी आणि पोलीस दोघंही संशयाने बघतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. परमिट मागायला एखादी नोंदणीकृत संस्था लागते. पाच मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला परमिट मिळत नाही. सोपी वाट म्हणजे आधीच संलग्न असलेल्या क्लबला यजमान करून घ्या आणि कामं तुम्ही उचला. स्वतःचीच संस्था काढायची असेल तर किमान सात सभासद, घटना, पॅन, बँक खातं आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. हे वर्षभर आधी हातात घ्यायचं काम आहे.

भाग घेणाऱ्याची पात्रता सोपी आहे. वय अठरा पूर्ण, पक्कं लायसन्स (लर्निंग चालत नाही), एफएमएससीआयचा स्पर्धक परवाना, आणि त्यासाठी डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र व रक्तगट. गाडीचं आरसी, चालू विमा, पीयूसी. गाडी बाबांच्या नावावर असेल तर बाबांचं सही केलेलं संमतिपत्र, आणि तेही बाबांना खरंच विचारून. याला कारण आहे. आपल्या नेहमीच्या खासगी कार पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ म्हणून जो उतारा असतो त्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते याची चाचणी) हे सगळं वगळलेलं असतं. मैदानावर बंपर फुटला तर पैसे घरातून जाणार, हे अर्ज भरतानाच माहीत असलेलं बरं.

नकाशा: इथे वेळ घाला

मोजपट्टी घेऊन स्वतः मैदानावर जा. आम्ही पहिला नकाशा उपग्रहाच्या चित्रावरून घरी बसून काढला. चित्रात सगळं कसं सपाट, राखाडी. प्रत्यक्षात कोपऱ्यातल्या वळणाच्या तोंडाशी दिव्याचा एक लोखंडी खांब होता. वरून त्याचं फक्त टोक दिसत होतं, आम्हाला तो डाग वाटला. स्पर्धेच्या पहाटे पावणेसहाला टॉर्च तोंडात धरून अख्खं वळण आठ मीटर आत ओढलं. त्यामुळे पुढचा सरळ पट्टा लांबला, म्हणून तिथे आणखी दोन कोन घातले. एक कोन हलवला की पुढचे दहा हलतात.

आम्ही मापं घेतो ती अमेरिकेतल्या हौशी क्लबांच्या नियमांवरून. त्यांच्याकडे हा खेळ सुट्टीच्या दिवशी पार्किंगच्या तळांवर चालतो. वाटेची रुंदी किमान १५ फूट, म्हणजे साधारण ४.६ मीटर. सरळ ओळीतले कोन, ज्यांच्यामधून गाडी नागमोडी जाते, ते एकमेकांपासून किमान ४५ फूट, म्हणजे जवळपास १४ मीटर. वाटेच्या कडेपासून खांब, भिंत, दुभाजक अशी कुठलीही पक्की वस्तू २५ फुटांच्या आत नको. आपल्या हॅचबॅक पावणेदोन मीटर रुंद, त्यामुळे ४.६ मीटर कागदावर ऐसपैस वाटतं. वळणात गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला की ऐसपैसपणा संपतो. त्यांच्या मोठ्या तळांवर वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जाऊ देतात. आपल्या मैदानांवर आम्ही साठच्या वर जाऊ देत नाही.

साठच का, ते हिशोबानेच बघू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या स्वच्छ डांबरावर कडक ब्रेक मारला तर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. त्याच डांबरावर बारीक खडी आणि वाळू पसरलेली असेल, आणि मुंबईच्या मोकळ्या जागांवर ती असतेच, तर ३५ मीटर. चालकाच्या पायाला ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर आणखी १७. म्हणजे शेवटच्या रेषेपुढे पन्नासेक मीटर मोकळे हवेत. मैदानच शंभर बाय साठ मीटरचं असेल तर एवढी जागा आणायची कुठून? म्हणून शेवटची रेषा सरळ पट्ट्यावर कधी ठेवायची नाही. तिच्या आधी एक घट्ट वळण घाला. बारा मीटर त्रिज्येच्या वळणातून चांगल्या टायरची गाडीसुद्धा ताशी पस्तीसच्या आसपासच निघते. मग थांबायला निम्म्याहून कमी जागा पुरते आणि पुढे फक्कीने आखलेला थांब्याचा चौकोन आरामात बसतो.

सगळ्यात वेगवान तुकडा प्रेक्षकांपासून सगळ्यात लांब ठेवा, आणि त्याचं टोक प्रेक्षकांकडे रोखलेलं नको. ब्रेक लागलाच नाही तर गाडी सरळ कुठे जाईल, ती रेघ प्रत्येक वळणापाशी पेन्सिलने पुढे ओढून बघा. रेघ माणसांना किंवा रांगेत थांबलेल्या गाड्यांना लागली तर वळण बदला. आम्ही ही रेघ नकाशावर लाल ठेवतो. अग्निशमनवाल्या साहेबांनी संपूर्ण नकाशातून तेवढ्याच रेघा तपासल्या होत्या.

शंभर बाय साठच्या मैदानात कडेचे आठ-आठ मीटर सोडून साडेतीनशे ते चारशे मीटरची वाट बसते, चाळीस सेकंदांची फेरी होते. मिनिटाला एक गाडी धरली तर चाळीस गाड्यांच्या तीन-तीन फेऱ्या दोन तासांत. पडलेले कोन उचलणं, चहा आणि कुणाची तरी बॅटरी उतरणं धरून साडेतीन तास लिहा. परवानगीत वेळ कमी मागून मग वाढवून मागणं फार जड जातं.

कोन शंभरेक लागतात. नागदेवी स्ट्रीटला औद्योगिक सुरक्षेच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती फक्कीने चौकट मारा. कोन उभा असून चौकटीला टेकलेला असेल तर दंड नाही. आडवा पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दोन सेकंद. ही चौकट नसेल तर दिवसभर भांडणंच ऐकावी लागतात. दरवाजाशेजारी एक कोन आडवा ठेवून टोकाने दिशा दाखवा. सुरुवातीआधी सगळ्यांना वाट पायी फिरू द्या, आणि तुम्ही स्वतः एकदा गाडीच्या सीटच्या उंचीवर बसून बघा. उभं राहून जी वाट स्वच्छ दिसते, ती बसल्यावर नारिंगी गर्दी होते.

कागद आणि त्यांचा क्रम

सर्वात आधी जागामालकाचं संमतिपत्र, त्यात तारीख, वेळ आणि ‘मोटारींची स्पर्धा’ हे शब्द स्पष्ट हवेत; नुसतं ‘कार्यक्रम’ लिहिलेलं पुढे अडवतं. मग एफएमएससीआयकडे परमिटचा अर्ज, सोबत स्पर्धेचे पूरक नियम, नकाशा आणि पदाधिकाऱ्यांची यादी: क्लार्क ऑफ द कोर्स (स्पर्धा चालवणारा प्रमुख), स्टुअर्ड (नियमांवर निकाल देणारा), मुख्य स्क्रुटिनियर (गाड्या तपासणारा), वेळ नोंदवणारे, डॉक्टर. नंतर स्थानिक पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज, त्याची एक प्रत वाहतूक शाखेला. साउंड सिस्टिम लावणार असाल तर लाउडस्पीकरची परवानगी वेगळी. तिकीट लावणार असाल तर परवान्यांचा पसारा एकदम वाढतो. पहिल्या वर्षी लावू नका.

मंडप, स्टेज घालायचा असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसचं आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र. हमीपत्रासाठी स्टॅम्प पेपर लागतो. शंभरचा जमाना ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, आता पाचशेचा घ्या. रुग्णवाहिकेचं बुकिंग आणि जवळच्या हॉस्पिटलला आगाऊ कळवल्याचं पत्र, त्यावर त्यांची पोच. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘दिलाय ना अर्ज’ या वाक्याला आवक क्रमांकाशिवाय किंमत नाही.

विम्यात एक खाच आहे. एजंटला ‘पब्लिक लायबिलिटी’ (बाहेरच्या कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) म्हटलं की कधी कधी तो १९९१ च्या कायद्याखालची पॉलिसी पुढे करतो. ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला कार्यक्रमाची, बिगर-औद्योगिक पब्लिक लायबिलिटी हवी, आणि मोटर स्पोर्ट वगळलेला नाही हे लेखी हवं. स्पर्धकांकडून जबाबदारीमुक्तीचं पत्र घ्याच, पण त्यामुळे आयोजकाचा हलगर्जीपणा झाकला जात नाही.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत: दिवसा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, औद्योगिक भागात ७५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. औद्योगिक आवार घेण्याचं हे आणखी एक कारण. ड्रोनने शूटिंग करायचा मोह आवरा. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात आणि विमानतळ सगळ्यांच्याच डोक्यावर आहे.

तारीख नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतची धरा. त्याआधी पाऊस, गणपती, नवरात्र, दिवाळी. पोलीस ठाण्याला बंदोबस्तातून तुमच्याकडे बघायला सवड नसते. फेब्रुवारी लागला की बोर्डाच्या परीक्षा आणि लाउडस्पीकरवरून तक्रारी. आम्ही अर्ज किमान दोन महिने आधी देतो आणि तरीही शेवटची सही आदल्या आठवड्यात होते.

त्या दिवशी

गाडी तपासताना चाकांचे नट, बॅटरीचा पट्टा, ब्रेक पेडल, सीटबेल्ट बघा आणि आतलं सुटं सामान सगळं बाहेर काढायला लावा. डॅशबोर्डवरचे गणपती बाप्पा दुहेरी टेपवर असतात. पहिल्या घट्ट वळणात ते पेडलपाशी येतात. आमच्याकडे आता सगळे बाप्पा नोंदणीच्या टेबलावर एका रांगेत बसलेले असतात, मालकाच्या नावाची चिठ्ठी लावून. हेल्मेट सगळ्यांना, आयएस ४१५१ हे बाइकच्या हेल्मेटचं मानक आहे, त्यामुळे परमिटच्या नियमांत कुठलं मानक मागितलंय ते आधी वाचा.

प्रत्येक मार्शल चौकीवर (वाटेवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या जागेवर) दोघं, एक लाल झेंडा, आग विझवायला एक ड्राय पावडरचा सिलिंडर. एकाने गाडीवर नजर ठेवायची, दुसऱ्याने कोन उचलायचा. गाडीकडे पाठ करायची नाही, खाली बसायचं नाही, मोबाइल खिशात. वॉकीटॉकी घेणार असाल तर ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातलेच घ्या, ते परवान्याशिवाय चालतात.

मैदान ताब्यात घेताना चारही कोपऱ्यांतून फोटो काढा आणि परत देताना त्याच जागांवरून पुन्हा. टायरच्या काळ्या पट्ट्यांवरून आमचं अर्धं डिपॉझिट एकदा अडकलं होतं. त्यातले निम्मे पट्टे आदल्या महिन्यातल्या ट्रकांचे होते, हे दाखवायला आमच्याकडे तेव्हा एकही फोटो नव्हता.