खुब्याचं हाड कुठे जास्त मोडतं, आणि का?

डेन्मार्कमध्ये वर्षाला दर लाख स्त्रियांमागे ५७४ जणींचं खुब्याचं हाड मोडतं. नॉर्वेत ५६३, स्वीडनमध्ये ५३९, ऑस्ट्रियात ५०१. त्याच तक्त्याच्या तळाशी इक्वेडोर ७३, ट्युनिशिया ५८, दक्षिण आफ्रिका २० आणि नायजेरिया अवघा २. एकूण ६३ देशांची माहिती गोळा करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातले हे आकडे. एखाद्या देशात म्हाताऱ्या माणसांची संख्या जास्त असते, त्याचा परिणाम यातून आधीच वगळलेला आहे. पुरुषांचे दर सर्वसाधारणपणे स्त्रियांच्या निम्मे भरतात, पण देशांचा क्रम बराचसा हाच राहतो.

असा तक्ता समोर आला की कॅल्शियमकडे बोट दाखवायचा मोह होतो. पण दूधदुभतं भरपूर खाणारे देशच या तक्त्यात वरच्या टोकाला आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या २००२ सालच्या संयुक्त अहवालात या विसंगतीची वेगळी दखल घेतली गेली. त्यावरून दुधाने हाडं मोडतात असा निष्कर्ष काढणं साफ चूक. तफावतीचं मूळ आहारापेक्षा इतर ठिकाणी जास्त आहे, एवढंच यातून कळतं. ते मूळ शोधायला सुरुवात हाडापासून नव्हे, मोजणीपासून करावी लागते.

मांडीचं हाड वरच्या टोकाला आतल्या बाजूला वळतं आणि त्याचा गोळा कंबरेच्या खोबणीत बसतो. गोळ्याखालचा निमुळता भाग म्हणजे मान, आणि मानेच्या खाली स्नायू जोडले जाणारे दोन उंचवटे. मानेपासून धाकट्या उंचवट्याच्या खाली पाच सेंटिमीटरपर्यंत कुठेही हाड मोडलं तरी ते खुब्याचं फ्रॅक्चर धरतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्यासाठी एस ७२.०, एस ७२.१ आणि एस ७२.२ असे तीन संकेतांक आहेत. एखाद्या अभ्यासाने पहिले दोनच घेतले, तर त्याचा दर तिन्ही घेणाऱ्या अभ्यासापेक्षा आपसूकच कमी येतो.

देशांची तुलना करायला हेच फ्रॅक्चर निवडतात, कारण ते लपत नाही. मणका दबला तर पाठ दुखते, माणूस चार दिवस पडून राहतो आणि बऱ्याचदा कुणाला काही कळतही नाही. खुबा मोडला की बहुतेकांना उभंही राहता येत नाही, मोडलेला पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, एक्स-रे निघतो, शस्त्रक्रिया होते, नोंद होते. निदान असं गृहीत धरलेलं असतं. रशिया आणि आर्मेनियात संशोधकांनी रुग्णालयाबाहेरच्या नोंदीही तपासल्या, तेव्हा खुबा मोडलेल्या रुग्णांचा लक्षणीय हिस्सा रुग्णालयात दाखलच झाला नव्हता, असं आढळलं. शस्त्रक्रियेची सोय दूर, खर्च आवाक्याबाहेर, किंवा ‘या वयात कशाला’ असा घरच्यांचा विचार, यांपैकी कोणत्याही कारणाने रुग्ण घरीच खाटेवर राहिला की तो आकड्यातून गळतो. नायजेरियाचा २ हा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. तो १९९०च्या आसपासच्या, रुग्णालयातल्या मोजक्या रुग्णांवर आधारलेल्या अभ्यासातून आला आहे.

उलट चूकही होते. एकच रुग्ण आधी एका रुग्णालयात, मग दुसऱ्यात शस्त्रक्रियेसाठी, मग पुनर्वसन केंद्रात गेला की दाखल होण्याच्या तीन नोंदी होतात. बसवलेला स्क्रू सरकला आणि पुन्हा शस्त्रक्रिया झाली की चौथी. रुग्णाचा कायमचा ओळख क्रमांक असलेल्या देशांत या नोंदी जोडून एक करता येतात, बाकीच्यांना अंदाजाने वजावट करावी लागते. वाहनाच्या अपघातात मोडलेले आणि कर्करोग हाडात पसरून मोडलेले खुबे वगळले की नाहीत, हेही प्रत्येक अभ्यासात पाहावं लागतं.

यानंतर येतं वय. खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका पन्नाशीनंतर चढत जातो आणि ऐंशीनंतर झपाट्याने वाढतो. समजा, ५० ते ७९ वयात धोका लाखाला १०० आणि ऐंशीपुढे लाखाला २,००० आहे (आकडे काल्पनिक, गणितापुरते). दोन्ही देशांत धोका अगदी सारखा. पहिल्या देशात पन्नाशीपुढच्या लाख लोकांत ऐंशी ओलांडलेले २,००० आहेत. तिथे ९८ अधिक ४०, म्हणजे १३८ फ्रॅक्चर होतील. दुसऱ्यात ते १५,००० आहेत. तिथे ८५ अधिक ३००, म्हणजे ३८५. धोका तोच असूनही सरळ दरात जवळजवळ तिपटीचा फरक दिसला. म्हणून दोन्ही देशांचे वयोगटनिहाय दर एकाच ठरावीक लोकसंख्येला लावतात. ९२,००० आणि ८,००० अशी विभागणी घेतली तर दोन्हीकडे ९२ अधिक १६०, म्हणजे २५२ येतात आणि फरक नाहीसा होतो. यालाच वय-प्रमाणित दर म्हणतात. प्रमाण म्हणून कोणती लोकसंख्या घेतली यावरही आकडा बदलतो. त्यामुळे एका अभ्यासातला डेन्मार्क आणि दुसऱ्या अभ्यासातला भारत शेजारी ठेवून तुलना करणं धोक्याचं. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये लाखाला १५९ आणि पुरुषांमध्ये १०५ असे दर मिळाले, पण ते प्रमाणित न केलेले, सरळ दर आहेत. वरच्या ५७४ शी ते भिडवता येत नाहीत.

मोजणीचा आणि वयाचा सगळा हिशेब चुकता केला तरी कित्येक पटींची तफावत उरतेच. ती खरी आहे, आणि खरं कोडं इथून सुरू होतं.

हाडांची घनता हे उत्तर अपुरं पडतं. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाच्या खेड्यांतल्या वयस्कर स्त्रियांच्या हाडांतली खनिजं ब्रिटिश स्त्रियांपेक्षा कमी भरली, तरी ठिसूळपणामुळे होणारी फ्रॅक्चर तिथे विरळाच होती. १९९६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जपानी स्त्रियांचंही तसंच: घनता गोऱ्या अमेरिकन स्त्रियांपेक्षा जास्त नाही, पण खुबे कमी मोडतात.

याची एक उकल हाडाच्या आकारात आहे. खुब्याच्या बाहेरच्या कडेपासून कंबरेच्या आतल्या कडेपर्यंत, मानेच्या रेषेत मोजलेलं अंतर जितकं जास्त, तितका मानेवर ताण जास्त. अमेरिकेत १९९३ साली झालेल्या अभ्यासात हे अंतर एका प्रमाण विचलनाने (सरासरीपासून माणसामाणसांत नेहमी पडणाऱ्या फरकाच्या मापाने) वाढलं की खुबा मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं दिसलं. तेही घनता सारखी असताना. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने कमी असतं. उंची जास्त असली की पडताना आदळण्याचा जोरही वाढतो, आणि उत्तर युरोपातले लोक जगातल्या सर्वांत उंच लोकांमध्ये मोडतात.

दुसरी उकल पडण्यात आहे, आणि माझ्या मते सार्वजनिक चर्चेत तिला तिच्या योग्यतेएवढी जागा मिळत नाही. खुब्याची दहापैकी नऊ फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात, तीही उभ्या उंचीवरून. कुशीवर पडलं तर खुबा मोडण्याची शक्यता इतर दिशांना पडण्याच्या पाच-सहा पट असते, कारण मधे मांडीच्या चरबीचा थर सोडला तर धक्का थेट थोरल्या उंचवट्यावर बसतो. हवाई बेटांवरच्या जपानी वंशाच्या वृद्ध स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या साधारण निम्म्याच वेळा पडतात, असं तिथल्या पाहणीत आढळलं. हाड तितकंच कमकुवत असलं तरी निम्म्या वेळा आदळलं तर कमी मोडणार, यात नवल नाही. नॉर्डिक देशांत बर्फावरून घसरणं हे कारण सहज सुचतं, आणि हिवाळ्यात आकडे थोडे वाढतातही. पण तिथलीसुद्धा बहुतेक फ्रॅक्चर घरातच होतात: रात्री उठताना, चपलेत पाय अडकून, झोपेच्या गोळीच्या गुंगीत.

सूर्यप्रकाशाचं काय? विषुववृत्तापासून दूर जावं तसे दर वाढतात, हे ढोबळमानाने खरं आहे. ड जीवनसत्त्वाची कमतरता हाडांबरोबर स्नायूंनाही दुबळं करते. फ्रान्समध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची ८०० एकके दिली. दीड वर्षात त्यांच्यातली खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी भरली. मात्र ज्यांच्यात कमतरता होती, अशा वृद्धांमधला हा निकाल आहे. घराबाहेर वावरणाऱ्या धडधाकट लोकांत नुसत्या गोळ्यांनी असा फरक पडलेला नाही. शिवाय अक्षांशाशी अनेक गोष्टी जोडलेल्या असतात. २००७ सालच्या एका विश्लेषणात फ्रॅक्चरच्या धोक्याचं नातं अक्षांशाशी, दरडोई उत्पन्नाशी आणि देशातल्या मोबाइल फोनच्या संख्येशीही जुळलं! मोबाइलने हाड मोडत नाही. मोबाइल, पक्की फरशी, मोटारी, बैठं काम आणि दीर्घायुष्य हे सगळं समृद्धीबरोबर एकत्र येतं, इतकाच त्याचा अर्थ. त्यातलं नेमकं काय खुबा मोडतं, हे देशांच्या सरासऱ्या ताडून कळत नाही.

सगळं वंशावर ढकलता येत नाही, हे काळ दाखवतो. बीजिंगमध्ये १९९०–९२ आणि २००२–०६ या दोन मोजण्यांच्या दरम्यान पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधला वय-प्रमाणित दर २.७६ पट झाला, पुरुषांमधला १.६१ पट. एवढ्या अवधीत कुणाची जनुकं बदलत नाहीत, खुब्याची लांबीही नाही. हाँगकाँगमध्ये अशीच वाढ आधी होऊन गेली आणि नंतर थांबली. स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या परदेशी लोकांचे दर मूळ स्वीडिश लोकांपेक्षा कमी असतात, म्हणजे लहानपणापासून अंगात मुरलेलं काहीतरी बराच काळ टिकतं.

आणि वरच्या टोकाचे देश उतरू लागले आहेत. अमेरिकेत १९९५ ते २००५ या काळात दर स्त्रियांमध्ये २४.५ टक्क्यांनी, पुरुषांमध्ये १९.२ टक्क्यांनी घटला. २००५ ते २०१८ या काळात १९ देश तपासले तेव्हाही डेन्मार्क पहिलाच होता, पण सर्वांत वेगाने घट होणाऱ्यांतही तोच होता: वर्षाला २.८ टक्के. त्याच काळात दक्षिण कोरियात दर वाढत होता. हाडांची औषधं घेणाऱ्यांची संख्या एवढी मोठी नाही की घटीचं सगळं श्रेय त्यांना द्यावं. धूम्रपान कमी होणं हे त्यातलं एक भक्कम कारण दिसतं.

या दरांचा रोजच्या दवाखान्यातला उपयोग म्हणजे २००८ साली शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं फ्रॅक्स हे गणन-साधन. वय, लिंग, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आई किंवा वडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, मद्य, स्टेरॉइड, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि मोजलेली असल्यास खुब्याच्या हाडाच्या मानेची घनता भरली की पुढच्या दहा वर्षांत खुबा मोडण्याची टक्केवारी मिळते. पण त्याआधी देश निवडावा लागतो. बाकी सगळी माहिती तीच ठेवून देश बदलला की उत्तर बदलतं, कारण त्या देशातला फ्रॅक्चरचा दर आणि मृत्युदर दोन्ही आत बसवलेले असतात. अमेरिकेसाठी तर गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई असे चार वेगळे पर्याय आहेत. अमेरिकेत खुब्याचा धोका ३ टक्के किंवा जास्त निघाला, तर हाडांची घनता कमी असलेल्या पन्नाशीपुढच्या व्यक्तीला औषध सुरू करावं, असा संकेत आहे. दुसऱ्या देशाच्या पर्यायात काढलेल्या टक्केवारीला तोच ३ टक्क्यांचा उंबरा लावणं चूक, आणि बीजिंगसारखी वाढ झालेल्या ठिकाणी जुन्या दरांवर बेतलेली टक्केवारी वापरली तर धोका प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.