चवई (रानकेळ)

चवई : (रानकेळ, चवेणी, लॅ. एन्सेटे सुपर्बम; कुल—म्यूझेसी). सह्याद्रीच्या कड्याकपारींत वाढणारी व शोभेसाठी बागेतही लावली जाणारी केळीच्या कुलातील ओषधी (लाकूड नसलेल्या नरम खोडाची वनस्पती). ताम्हिणी, माळशेज, आंबोली या घाटांत पावसाळ्यात उभ्या कातळावर तिचे पाचूसारखे हिरवे झुबके दिसतात. उंची सु. ३–३.५ मी. खोड आभासी, म्हणजे पानांच्या तळांची एकावर एक घट्ट गुंडाळी असते. बुंध्याशी त्याचा घेर २ मी.पर्यंत भरतो आणि वर पानांखाली तो निम्म्याहूनही कमी होतो. पुष्पबंध (फुलोरा) लोंबता, त्याची तांबूस-तपकिरी छदे (फुलांवरची पानासारखी आवरणे) फळे धरल्यावरही गळत नाहीत, ही ओळखीची चांगली खूण. फळ बोटभर लांब व चिवट सालीचे असून आत गर नावालाच असतो. बाकी सगळ्या गडद, कठीण, कोनदार बिया.

या वनस्पतीचे पहिले शास्त्रीय वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी ‘म्यूसा सुपर्बा’ या नावाने केले. ते त्यांच्या कोरोमंडलच्या (भारताच्या आग्नेय किनाऱ्याच्या) वनस्पतींवरील ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात आहे. हा खंड १८११ ते १८२० या काळात भागाभागांनी निघाल्याने संदर्भग्रंथांत दिलेल्या सालांत फरक आढळतो. १८११ हे साल धरणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘एन्सेटे’ ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट) हॉरानिनोव्ह यांनी १८६२ मध्ये मांडली, पण ती बराच काळ कोणी गांभीर्याने घेतली नाही. ई. ई. चीझमन यांनी १९४७ मध्ये तिचे पुनरुज्जीवन करून चवईला तीत आणले. त्यांचा आधार भक्कम होता : एन्सेटेत मूळ गुणसूत्रसंख्या ९ असून म्यूसातील लागवडीच्या केळींत ती ११ असते. शिवाय एन्सेटेला मुनवे (बुंध्यालगतचे फुटवे) फुटत नाहीत आणि एकदा फळून झाड मरते. चीनमधील म्यूसेला ही शोभेची बुटकी केळ एन्सेटेत धरावी की वेगळी ठेवावी, हा वाद रेणवीय (डीएनएच्या) अभ्यासांनंतरही पूर्ण मिटलेला नाही.

एन्सेटे प्रजातीच्या उगमाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. तिच्या जाती आज आफ्रिका, मादागास्कर व आशिया अशा तुटक प्रदेशांत आढळतात. आफ्रिका हे मूळ स्थान मानण्याकडे पूर्वी कल होता. इथिओपियात तिची एक जाती मुख्य अन्न म्हणून लावली जाते, हे त्याचे एक कारण असावे. मात्र अमेरिकेतील ओरेगन येथे सु. ४.३ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत एन्सेटेच्या बिया जीवाश्मरूपात मिळाल्या. त्यामुळे हा गट एके काळी उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेला होता आणि आजचा विस्तार त्याचा अवशेष आहे, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळात, मध्य प्रदेशातील मोहगाव कलान येथे सापडलेले एक जीवाश्म फळही केळीचे म्हणून वर्णिले गेले आहे. ती ओळख सर्वमान्य नाही. चवई केवळ पश्चिम घाटाचीच की मध्य भारताच्या डोंगरांतीलही, याबाबत एकमत नाही. बी औषधासाठी दूरवर नेले जात असल्याने बाहेरच्या नोंदी सावधपणे घ्याव्यात.

बागेत हे झाड बिघडते ते बहुधा मायेने घातलेल्या पाण्यामुळे. पाऊस सरला की पाने पिवळी पडून गळतात आणि मागे उरतो तो कांद्यासारखा फुगीर बुंधा. तो मेला असे समजून नवखा माळी पाणी वाढवतो. मग गड्डा तळाशी मऊ पडून कुजतो. विश्रांतीच्या काळात पाणी जवळजवळ तोडावे व कुंडी आडोशाला ठेवावी. पावसाळ्याच्या तोंडाशी मधला सुरळीचा कोंब सरकू लागला की हळूहळू पाणी सुरू करावे. माती निचऱ्याची लागते : पोयटा, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे. कड्यावर तिला मुळी पसरायला फटीपुरतीच माती मिळते. तेव्हा काळ्या चिकण मातीचा हट्ट धरू नये. वाढीच्या महिन्यांत शेणखत व भरपूर ऊन मानवते; वाऱ्याने पाने फाटतात, त्याने झाडाचे बिघडत नाही.

अभिवृद्धी बियांपासूनच. बी एक-दोन दिवस कोमट पाण्यात भिजवून उबेच्या जागी लावतात. उगवण लहरी असते, एकाच वाफ्यातील रोपे कित्येक आठवड्यांच्या अंतराने वर येतात. इथिओपियात लागवडीच्या एन्सेटेचा मधला कोंब काढून गड्डा पुरतात व त्याला अनेक फुटवे आणतात. घरगुती बागेत एकुलत्या चवईवर हा प्रयोग करू नये. फुलोरा येण्यास बरीच वर्षे लागतात आणि घड पिकल्यावर झाड जाते. बी वेळीच धरून ठेवावे.

केळफुलाची व गाभ्याची भाजी आणि जेवायला पान हे उपयोग सर्वपरिचित आहेत. मुतखड्यावर बियांचे चूर्ण देतात, हा लोकोपचार आहे. रानातून सगळे घड उतरवले तर त्या कड्यावर पुढची पिढी उरत नाही, कारण तिथे मुनव्यांची भरपाई नसते. म्हणून रोपे रोपवाटिकेत बियांपासून केलेलीच घ्यावीत.